खाटेजवळचा निर्णय: बीदर-कलबुर्गी सीमाभागातील रुग्णसुरक्षा

पावसाळ्यात शिवारातल्या झोपडीत जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठतो. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. घरचे त्याला औराद, भालकी किंवा आळंद तालुक्यातल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतात. त्या घडीला तिथे डॉक्टर असतीलच असे नाही. स्टाफ नर्स असते. पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्याला बाकावर पडून राहायला सांगणे सोपे असते आणि वरवर पाहता ते बरोबरही दिसते. पण मण्यारीचा दंश नेमका असाच येतो. दात इतके बारीक की खूण उमटत नाही. विष मज्जातंतूंवर काम करते, आधी पोट किंवा घसा दुखतो, मग पापण्या जड होतात आणि काही तासांत श्वासाचे स्नायू दमतात. सर्पदंशाचा संशय असला की रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवायचे असते. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे हे कळते. मण्यारीच्या रुग्णाचे रक्त मात्र व्यवस्थित गोठते. म्हणजे जिने नियमाप्रमाणे चाचणी केली आणि गोठलेले रक्त पाहून निर्धास्त झाली, तिच्या हातून नियम पाळूनही रुग्ण जाऊ शकतो. जिने त्याला वर एकटक बघायला लावले, पापण्या टिकतात की खाली येतात ते पाहिले आणि रात्री कुठे झोपला होतात हे विचारले, तिच्या हाती तो वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त.

कर्नाटकाने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला विषय केला. ते योग्यच झाले, पण नोंद करण्यापूर्वी कुणीतरी तो ओळखावा लागतो. रुग्णसुरक्षेची आपल्याकडची चर्चा बहुतेक नियमांभोवती फिरते: हात धुतले का, रजिस्टर भरले का, प्रोटोकॉल भिंतीवर लावला का. नियम हवेतच. तरीही सीमाभागातल्या तालुका रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत रुग्णाचे भवितव्य ठरते ते पहिल्या अर्ध्या तासातल्या परिचारिकेच्या निर्णयावर. हा निर्णय म्हणजे एखाद्या सिस्टरचा जन्मजात गुण नव्हे. तिच्याकडे किती रुग्ण आहेत, रुग्णाचे बोलणे तिला कळते का, तिला काय करण्याची मुभा आहे, आणि तिने हाक दिल्यावर कोण उत्तर देते, यांतून तो घडतो. उपलब्ध पुरावा या चार गोष्टींकडेच बोट दाखवतो, आणि त्यातला सर्वांत भक्कम पुरावा परदेशातून आणावा लागत नाही, तो दुसऱ्या एका सीमाजिल्ह्यातून, बेळगावातून आलेला आहे.

बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 2002 ते 2005 या काळात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर एक मोठा अभ्यास झाला. तो 2006 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आला. 1620 स्त्रियांपैकी निम्म्यांना बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या दिल्या गेल्या. रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले, आणि तीव्र रक्तस्राव 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर. या गोळ्या दिल्या त्या घरी आणि उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या एएनएम सिस्टरांनी. डॉक्टर जवळ नव्हते, थंड साखळीत ठेवावे लागणारे इंजेक्शन नव्हते. याच कामातून आणखी एक साधी वस्तू पुढे आली: बाळंतिणीच्या खाली अंथरायचे, टोकाला मापाच्या खुणा असलेल्या पिशवीचे प्लास्टिकचे कापड. ते वापरल्यावर दिसले की डोळ्यांनी केलेला रक्ताचा अंदाज कापडातल्या मापापेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी भरतो. अनुभवी डोळासुद्धा फसतो, कारण रक्त चादरीत मुरते, पाण्यात मिसळते, बादलीत जाते. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या 80 रुग्णालयांच्या अभ्यासात अशाच मापाच्या कापडाला उपचारांच्या एका गठ्ठ्याची जोड दिली गेली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तस्राव वेळेवर ओळखला जाण्याचे प्रमाण 51 टक्क्यांवरून 93 टक्क्यांवर गेले आणि गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. इथे महत्त्वाचे हे की कापडाने कुणाला वाचवले नाही. कापडाने सिस्टरच्या निरीक्षणाला माप दिले, आणि ते माप दिसताच कुणाची वाट न पाहता उपचार सुरू करण्याची परवानगी तिला आधीच मिळालेली होती.

ही परवानगी नसेल तर काय होते, याचे उत्तरही भारतातच मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी यादीची सुरुवातीची चाचणी कर्नाटकातल्या एका प्रसूती केंद्रात झाली होती. 29 आवश्यक कृतींपैकी सरासरी 10 होत होत्या, त्या 25 पर्यंत गेल्या. त्या यशावर उत्तर प्रदेशात 120 केंद्रांत आणि दीड लाखाहून अधिक बाळंतपणांवर मोठा प्रयोग उभा राहिला. 2017 साली त्याचे निष्कर्ष आले. प्रशिक्षक केंद्रात जात होते तेव्हा आवश्यक कृतींचे प्रमाण सुमारे 42 टक्क्यांच्या तुलनेत 73 टक्के झाले, पण माता-बालकांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांत फरक पडला नाही: 15.1 टक्के आणि 15.3 टक्के. अनेकांनी यावरून यादीच निरुपयोगी ठरवली. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीने आठ शहरांत मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आणले होते, त्यात दिल्लीही होती. फरक असा की शस्त्रक्रियागृहात यादी वाचून चूक सापडली तर ती दुरुस्त करणारी माणसे, रक्त आणि भूलतज्ज्ञ त्याच खोलीत असतात. छोट्या प्रसूती केंद्रात बीपी मोजले, 160 वर निघाले, यादीवर खूण केली, आणि पुढे? मॅग्नेशियम सल्फेट कपाटात नाही, असले तर द्यायला भीती वाटते, डॉक्टरांचा फोन लागत नाही, 108 ची गाडी दुसऱ्या गावी गेलेली. केंद्र सरकारच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झटके आलेल्या गरोदर स्त्रीला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, एएनएम देऊ शकते. कागदावरची मुभा आणि हातातले धैर्य यांत जे अंतर आहे, तिथेच स्त्रिया दगावतात.

आता संख्येकडे. 300 युरोपीय रुग्णालयांतल्या 4 लाख 22 हजार शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास 2014 मध्ये आला: दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले की तेवढीच घटते. युरोपातले वॉर्ड आणि बीदरचा वॉर्ड यांची तुलना आकड्याला आकडा लावून होत नाही, हे मान्य. पण दिशा उलटी असेल असे म्हणायला काहीच आधार नाही, आणि आपल्याकडे भार किती तरी पटींनी जास्त आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी वॉर्डात नाइट ड्यूटी केलेल्या कुणालाही तो निकष वाचून काय वाटेल, ते सांगायला नको. औरादच्या शेजारी, देगलूरच्या पलीकडे नांदेड आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उंबरठ्यावर 24 तासांत 24 रुग्ण गेले, त्यांत 12 नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नवजात कक्षात मंजूर खाटांच्या दुपटीहून अधिक बाळे होती, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले. एका सिस्टरकडे पंधरा-वीस नाजूक बाळे असतील तर तिने कुठल्या बाळाचा रंग बदलला हे कसे ओळखावे? निरीक्षणाला वेळ लागतो. शांत पडलेले बाळ झोपले आहे की मंदावले आहे, हे ठरवायला त्याच्याजवळ निदान मिनिटभर उभे राहावे लागते.

सीमाभागाचा खास प्रश्न भाषेचा आहे, आणि मी तो सीमावादापासून मुद्दाम वेगळा काढून मांडतो आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्ये बदलली, सोयरिकी बदलल्या नाहीत. भालकीची लेक उदगीरला दिलेली असते, उमरग्याची सून बसवकल्याणला आलेली असते. बीदरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा कलबुर्गीच्या जिल्हा रुग्णालयात एकाच वॉर्डात कन्नड, मराठी, दखनी, तेलुगू आणि लमाणी बोलणारे रुग्ण शेजारी-शेजारी असतात. बाळंतपणानंतर तासाभराने एखादी बाई म्हणते, 'सिस्टर, माझा जीव घाबरा होतोय, डोळ्यांपुढं अंधारी येतीया.' मराठी घरात वाढलेली सिस्टर हे ऐकून आधी नाडी धरते, मग चादर उचलून पाहते, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल ते बघते. जिला हे शब्द कळले नाहीत, ती सासूकडे पाहते. सासू सांगते, घाबरलीय, पहिलटकरीण आहे. केस पेपरवर 'रुग्ण घाबरलेली' एवढेच उतरते आणि आत साठणारे रक्त नोंदीबाहेर राहते. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या उपचारदोषांच्या नोंदी 2007 मध्ये तपासल्या गेल्या तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या रुग्णांबाबत झालेल्या चुकांपैकी 49 टक्क्यांत शरीराला इजा झाली होती; इंग्रजी येणाऱ्यांत हेच प्रमाण 29.5 टक्के होते. भाषा न कळल्याने जी चूक होते ती अधिक घातक ठरते, कारण ती उशिरा लक्षात येते.

यावर सरळ आक्षेप येतो: कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे, नोंदी कन्नडमध्ये आणि इंग्रजीतच राहणार, रुग्णाने नाही तर त्याच्या नातेवाइकाने कन्नड बोलावे. नोंदींबाबत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दोन भाषांत दोन केस पेपर झाले तर गोंधळच वाढेल. पण कळा देणाऱ्या बाईला भाषा शिकवण्याची ती वेळ नव्हे, आणि नातेवाईक हा भरवशाचा दुभाषी नव्हे. सासूसमोर सून अंगावरून किती जाते ते सांगत नाही. मुलगा बापाला दारूबद्दल विचारायचे टाळतो. घटनेच्या 371(जे) कलमामुळे कल्याण कर्नाटकात स्थानिकांना नोकऱ्यांत मोठा वाटा मिळाला. ती चांगली गोष्ट आहे, पण त्या व्याख्येत रायचूर किंवा बळ्ळारीची उमेदवार औरादलाही स्थानिकच ठरते. म्हणून भरतीपेक्षा ड्यूटी लावताना विचार हवा: औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या रुग्णालयांत दर पाळीला मराठी कळणारी एक तरी परिचारिका असावी, आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकीला दुखणे सांगणारी पन्नासेक वाक्ये वरच्या पाचही भाषांत ऐकवून शिकवावीत. याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. माहेरपणाचेही तसेच. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, आणि सीमाभागात माहेर बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात असते. तिच्या गरोदरपणाच्या कन्नड थायी कार्डावर सातव्या महिन्यात वाढलेले बीपी लिहिलेले असते, आणि उदगीरच्या सिस्टरला ते पान वाचता येत नाही. आकडे वाचता येतात, शेरा वाचता येत नाही. धोक्याच्या गरोदरपणाचा शेरा दोन्ही लिपींत छापायला सीमेवरच्या तालुक्यांपुरता खर्च नगण्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परिचारिकेच्या निर्णयावर विश्वास टाका म्हणता, मग हावेरीचे काय? जानेवारी 2025 मध्ये हावेरी जिल्ह्यातल्या अडूर आरोग्य केंद्रात सात वर्षांच्या मुलाच्या गालावरची जखम टाके न घालता फेविक्विकने चिकटवली गेली. टाक्यांचा व्रण राहील म्हणून असे केले आणि आपण हे आधीपासून करत आलो, असे त्या परिचारिकेचे म्हणणे होते. आधी बदली आणि लोक संतापल्यावर निलंबन झाले. हा निर्णय चूकच होता: घरगुती गोंद जखमेसाठी नसतो, आणि व्रणाच्या काळजीने संसर्गाचा धोका पत्करायचा नसतो. पण त्यातले 'आधीपासून' हे मला सर्वांत अस्वस्थ करते. एवढे दिवस तिचे काम कुणीच पाहिले नाही? तिला कुणी विचारले नाही, सुधारले नाही, जखमा शिवण्याचे साहित्य आणि सराव तिच्याकडे आहे का हे तपासले नाही? चांगला निर्णय एकटेपणात तयार होत नाही. तो आपल्या निर्णयाचे पुढे काय झाले हे कळण्याने तयार होतो. अडूरमध्ये निर्णयाची मुभा जास्त झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. तिथे निर्णयाभोवती कुणी नव्हते. बेळगावच्या एएनएम सिस्टरांकडेही गोळ्या होत्या, पण त्यांच्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद कुणीतरी वाचत होते.

डॉक्टर संघटनांची शंका अशी असते की परिचारिकेला औषध सुरू करू दिले तर उद्या तीच दवाखाना उघडेल. भोंदू दवाखान्यांची भीती या भागात खोटी नाही, पण तिचे उत्तर मुभेची सीमा नेमकी आखण्यात आहे. कोणते औषध, कोणत्या खुणेवर, किती, आणि त्यानंतर किती मिनिटांत कुणाला कळवायचे, हे लिहून सही करून ठेवले की मुभा आणि मनमानी यांतला फरक कागदावर येतो. कळवण्याची रीतही शिकवावी लागते. रात्री दोनला 'सर, पेशंट बरा वाटत नाही' एवढे ऐकून डॉक्टर कूस बदलतो. 'सर, सिझेरियनला सहा तास झाले, नाडी 130, बीपी 90 वर 60, दोन तासांत लघवी 20 मिली, मला रक्तस्राव वाटतो, तुम्ही या' असे ऐकले की तो उठतो, आणि न उठल्यास जबाबदारी कुणाची हे स्पष्ट राहते. रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे जाताना तर हे आणखी निर्णायक ठरते. भारतातल्या कोविडच्या पहिल्या मृत्यूचा प्रवास कलबुर्गीचाच होता: 76 वर्षांच्या त्या गृहस्थांचा नमुना कलबुर्गीत घेतला गेला, अहवाल येण्याआधीच नातेवाईक त्यांना हैदराबादला घेऊन गेले, 10 मार्च 2020 रोजी परत येताना ते गेले, आणि निदान 12 तारखेला कळले. संशय, नमुना आणि रुग्ण तीन वेगळ्या वाटांनी फिरत होते.

राहिला शिक्षेचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. आगीचे मूळ विजेच्या यंत्रणेत होते. निलंबने झाली, पण फौजदारी गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. नोव्हेंबर 2024 मध्ये बळ्ळारीत सिझेरियन झालेल्यांपैकी पाच माता दगावल्या. संशय सलाईनवर गेला, राज्याने त्या द्रावणाचा वापर थांबवला आणि औषध नियंत्रकांना निलंबित केले. सलाईन लावल्यावर थंडी वाजून आली, लघवी आटली, हे सर्वांत आधी कुणाला दिसते? खाटेजवळच्या सिस्टरला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे आणि त्यात परिचारिकाही नोंद करू शकते. बाटलीचा बॅच नंबर केस पेपरवर लिहिलेला असेल आणि पहिल्याच थंडीची नोंद वर गेली असेल तर तो बॅच लवकर थांबवता येतो. पण ज्या व्यवस्थेत मृत्यूनंतर पहिला गुन्हा सलाईन लावणाऱ्या हातावर नोंदला जाण्याची भीती आहे, तिथे 'मी लावलेल्या सलाईनने काहीतरी बिघडले' असे कोण लिहून देईल? बळ्ळारीची घटना घडली त्याच महिन्यात कलबुर्गीच्या जिल्हा रुग्णालयातून नर्सच्या वेषातल्या स्त्रियांनी नवजात बाळ पळवले. पोलिसांनी ते शोधून आईला परत दिले. वॉर्डात कोण सिस्टर आहे आणि कोण नाही हेच निश्चित नसेल, तर जबाबदारी निश्चित करण्याच्या गोष्टी पोकळ ठरतात.

काही जण म्हणतात, शिक्षेची भीती गेली तर निष्काळजीपणा बोकाळेल. हेतुपुरस्सर हलगर्जीपणाला शिक्षा हवीच, त्यावर दुमत नाही. पण कायदा आज भेद करतो तो वेगळ्याच ठिकाणी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून घडल्यास दोन वर्षांपर्यंत. या व्यावसायिकाची व्याख्या 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यावर आधारलेली आहे, म्हणजे डॉक्टर तिच्यात येतात आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली परिचारिका येत नाही. एकाच खाटेजवळ, एकाच चुकीसाठी, आदेश देणाऱ्याला दोन आणि तो पाळणारीला पाच. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये डॉक्टरांवर गुन्हा चालवण्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे असे सांगितले. परिचारिकेच्या बाबतीत तिच्या कामातल्या तज्ज्ञाचे, म्हणजे अनुभवी परिचारिकेचे मत घेण्याची रीत नाही. संहितेत दुरुस्ती संसदेने करायची आहे आणि 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याखाली येणाऱ्या नव्या यंत्रणेने ती लावून धरायला हवी. तोपर्यंत बंगळूर आणि मुंबई या दोन्ही सरकारांच्या गृह खात्यांना एवढे परिपत्रक आजही काढता येते, की परिचारिकेवर गुन्हा नोंदवण्यापूर्वी त्या पाळीत तिच्याकडे किती रुग्ण होते, तिने कुणाला कधी कळवले आणि उत्तर काय आले, याची चौकशी ज्येष्ठ परिचारिकेचा समावेश असलेल्या समितीने करावी.